घाटात गाडी तापते: रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट बदलण्याआधी काय बघायचं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. २०१४ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक, ९२ हजार किलोमीटर झालेली. पुण्यात रोज वापर, ट्रॅफिकमध्ये कधी तक्रार नाही. मे महिन्यात चौघं आणि सामान घेऊन महाबळेश्वरला निघालात, एसी चालू होता, वाई सोडून पसरणी घाट अर्धा चढल्यावर तापमानाचा लाल दिवा लागला. बॉनेट उघडलं तर कूलंटची बाटली रिकामी. गार होऊ दिली, पाणी ओतलं, कसेबसे पोचलात. परत आल्यावर एका गॅरेजने रेडिएटर, वॉटर पंप, थर्मोस्टॅट (रेडिएटरची वाट उघडणारी-बंद करणारी झडप) आणि ‘बहुतेक हेड गॅसकेटपण’ (इंजिनाचं वरचं हेड आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) असा मोठा खर्च सांगितला. दुसऱ्याने सांगितलं, थर्मोस्टॅट काढून फेकून द्या, कटकट संपेल. पार्ट कंपनीचे घ्यायचे की बाहेरचे, हाही प्रश्न आहेच. आणि शेवटी सहज लिहिलंय की गेले काही महिने दर महिन्याला पाव लिटरभर पाणी टाकावं लागतंय.

ते शेवटचं वाक्य सगळ्यात महत्त्वाचं आहे. माझं गॅरेज वाईच्या रस्त्यावर आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत पसरणीतून ओढून आणलेल्या गाड्या आमच्याकडे येतात आणि बहुतेकांची गोष्ट अशीच असते: पाणी आधीपासून कमी होत होतं, मालक वरून भरत होता, आणि घाटाने एका दिवसात सगळं उघडं पाडलं. बंद कूलिंग सिस्टिममधून महिन्याला पाव लिटर पाणी जाणं ही गळती आहे. ती शोधल्याशिवाय एकही मोठा पार्ट विकत घेऊ नका. हे उत्तर लांबणार आहे, पण त्याचा गाभा एवढाच आहे की आधी तपास, मग पार्ट. आणि तपास स्वस्त वस्तूपासून सुरू करायचा.

घाटातच का, शहरात का नाही, ते आधी बघू. इंजिनात जळणाऱ्या पेट्रोलच्या ऊर्जेतला साधारण पाव ते एक तृतीयांश भाग चाकांपर्यंत पोचतो. तेवढीच उष्णता सायलेन्सरवाटे जाते आणि जवळपास तेवढीच कूलंटमधून रेडिएटरला बाहेर टाकावी लागते. शहरात सिग्नलला उभी असलेली गाडी फार कमी पेट्रोल जाळते, म्हणून उष्णताही कमी. तिथे वारा नसतो, पण फॅन ते काम करतो. घाटात चौघं बसलेली गाडी दुसऱ्या गिअरवर, ॲक्सिलरेटर जवळजवळ तळाला टेकवून चढते. उष्णता कित्येक पट, वेग मात्र तीस-चाळीसचा, म्हणजे समोरचा वाराही बेताचा. त्यात एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढे बसवलेला असतो आणि तो स्वतःची उष्णता त्याच हवेत सोडतो. रेडिएटरला मिळते ती आधीच तापलेली हवा.

यातून निदानाचा पहिला धागा मिळतो. ट्रॅफिकमध्ये तापते आणि हायवेवर गार होते, तर संशय फॅनवर: मोटरचे कार्बन ब्रश, रिले, फ्यूज, सेन्सर. तुमचं उलटं आहे. म्हणजे फॅन बहुधा ठीक आहे (तरी एसी लावून तो फिरतो का, हे एकदा डोळ्यांनी बघा) आणि संशय तीन गोष्टींवर जातो. कूलंटच कमी आहे, कूलंटवर दाब राहत नाही, किंवा रेडिएटरमधून पुरेसं पाणी वा पुरेशी हवा जात नाही. हेड गॅसकेट या यादीत आहे, पण तळाला. ब्रेक जाम होऊन चाक ओढून धरत असेल तरीही इंजिनावर भार येतो. चढ संपल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन बघा, एकच रिम भलतंच गरम लागलं तर तिकडे लक्ष द्या.

आता झाकणाबद्दल, कारण या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित पार्ट तोच. रेडिएटरची कॅप प्रेशर कुकरच्या शिट्टीसारखी आहे: ठरावीक दाब आत धरून ठेवते, जास्त झाला की सोडते. कॅपवर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो हा दाब. काही कॅपवर तो ८८ किंवा १०८ असा किलोपास्कलमध्ये असतो. दाबाखाली पाणी उशिरा उकळतं, हे शाळेत शिकलोय. पाचगणी समुद्रसपाटीपासून जवळपास तेराशे मीटर उंच आहे. तिथे उघड्या भांड्यात साधं पाणी ९६ अंशांच्या आसपास उकळतं. चांगली कॅप असेल तर तेच पाणी ११५ ते १२० अंशांपर्यंत तग धरतं, आणि निम्मं पाणी निम्मं कूलंट असं मिश्रण असेल तर आणखी सात-आठ अंश वर. आता तुमची गाडी बघा. महिनोन्‌महिने साधं पाणी टाकून कूलंट पातळ झालेलं. कॅपचं रबर गाडीइतकंच जुनं, कडक होऊन चिरलेलं असणार. अशा गाडीत पसरणीच्या वरच्या वळणांवर पाणी ९६-९७ अंशांना उकळायला लागेल, आणि बऱ्याच गाड्यांत एसी बंद असताना फॅन सुरू होतो तोच साधारण ९५ ते १०० अंशांच्या दरम्यान. म्हणजे इंजिन अजून धोक्याच्या तापमानाला पोचलेलंही नाही आणि पाणी उकळून बाहेर फेकलं गेलं. बाटली रिकामी झाली, आत वाफ आणि हवा राहिली, आणि मग मात्र इंजिन खरोखर तापलं.

काही शे रुपयांच्या कॅपने हे होऊ शकतं. म्हणून सुरुवात तिथून. इंजिन पूर्ण गार असताना, म्हणजे सकाळी पहिल्यांदा, कॅप काढा. खालच्या रबरी वायसरवर नख दाबून बघा. मऊ, उसळी घेणारं असेल तर ठीक. प्लॅस्टिकसारखं टणक, कडेला बारीक चिरा किंवा रेडिएटरच्या तोंडाच्या कडेचा खोल ठसा उमटलेला असेल तर बदला. मधली छोटी चकती बोटाने ओढून सोडा. ती परत जागेवर बसली पाहिजे. गार होताना बाटलीतलं कूलंट परत रेडिएटरमध्ये ओढून घ्यायचं काम तिचं. ती अडकली तर बाटली भरलेली दिसते, रेडिएटर मात्र अर्धा रिकामा असतो, आणि वरचा होज पाइप सकाळी चिमटलेला सापडतो. नवी कॅप घेताना आकडा जुन्याइतकाच घ्या. ‘जास्त दाबाची घ्या, अजून चांगलं’ हा सल्ला ऐकू नका. तुमच्या रेडिएटरच्या बाजूच्या टाक्या प्लॅस्टिकच्या आहेत आणि त्यांचं वय झालंय. दाब वाढवला तर त्या तडकतील. तुमच्या गाडीत कॅप रेडिएटरऐवजी बाटलीवर असेल तरी तत्त्व तेच.

त्यानंतर गळती. गॅरेजवाल्याला कूलिंग प्रेशर टेस्टर आहे का, हे विचारा. हातपंप असतो, कॅपच्या जागी बसवायचा, कॅपवर लिहिलेल्या आकड्याएवढा दाब द्यायचा आणि दहा-पंधरा मिनिटं काट्याकडे बघत बसायचं. काटा खाली आला तर गळती आहे; पुढे टॉर्च घेऊन शोधायची. गरम गाडीखाली डबकं शोधून उपयोग नसतो, कारण बारीक गळती तापलेल्या धातूवर लागलीच सुकते. मागे राहतो तो रंगाचा डाग: हिरवट, गुलाबी किंवा निळसर पापुद्रा, कधी नुसता पांढरा खार. होजच्या तोंडाशी, रेडिएटरच्या प्लॅस्टिक टाकी आणि ॲल्युमिनियम कोअरच्या (मधल्या नळ्यांच्या जाळीच्या) जोडावर, थर्मोस्टॅटच्या घराभोवती आणि वॉटर पंपाच्या खाली बघा. वॉटर पंप, ज्याला गॅरेजमध्ये वॉटर बॉडी म्हणतात, त्याच्या पोटाला एक बारीक भोक असतं. आतलं सील गेलं की पाणी बेअरिंगमध्ये न शिरता तिथून बाहेर यावं म्हणून ते मुद्दाम ठेवलेलं असतं. त्या भोकाखाली ओघळाचा डाग असेल तर पंपाचे दिवस भरले, आणि तिथे एम-सील लावून भोक बुजवणाऱ्या माणसाकडे गाडी पुन्हा नेऊ नका. डाग नाही, बेल्ट काढून पुली हलवली तर खेळ नाही, फिरवल्यावर खरखर नाही, तर पंप केवळ जुना झाला म्हणून बदलायचं कारण नाही. एक अपवाद आहे. ज्या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर चालतो, तिथे बेल्ट बदलतानाच पंप बदलतात, कारण दुसऱ्यांदा तेवढंच सगळं उघडावं लागतं.

एक गळती गाडीच्या आतही होते. हीटरच्या कोअरमधून पाणी झिरपलं तर केबिनमध्ये गोडसर वास येतो, काचेवर आतून तेलकट धुकं धरतं, डाव्या बाजूच्या पुढच्या पायांखालचं मॅटिंग ओलसर लागतं. आपल्याकडे हीटर कोणी लावत नाही, म्हणून हे लवकर कळत नाही.

कुठेच गळती नाही आणि पाणी तरी कमी होतं, तेव्हा हेड गॅसकेटचा विचार करायचा. त्याचीही सरळ तपासणी आहे. निळं रसायन भरलेली एक काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर धरतात. आत जळलेल्या वायूचा कार्बन डायऑक्साइड येत असेल तर निळं पिवळं होतं. पंधरा मिनिटांचं काम. शिवाय थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच वरचा होज दगडासारखा फुगणं, उघड्या रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येणं, गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर, एकच स्पार्क प्लग इतरांपेक्षा स्वच्छ धुतल्यासारखा दिसणं, ही लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली दुधट साय दिसली म्हणून घाबरू नका. पावसाळ्यात रोज दोन-तीन किलोमीटरच गाडी चालवली तर नुसत्या दमटपणाने ती धरते. डिपस्टिकवरचं ऑइलच चहासारखं झालं असेल तर मात्र गाडी सुरूसुद्धा करू नका. ‘बहुतेक हेड गॅसकेट’ या शब्दांवर हेड खोलायला देऊ नये. हेड खोललं की नवी गॅसकेट, बऱ्याच इंजिनांना नवे हेड बोल्ट, लेथवर फेसिंग (हेडचा तळ घासून सपाट करणं), टायमिंगचं काम, एवढं सगळं मागे येतं.

फेसिंगबद्दल थोडं सांगतो, कारण जर वेळ आलीच तर तुम्ही तिथे उभं राहून बघायला हवं. ॲल्युमिनियमचं हेड तापून वाकतं. सरळ पट्टी हेडवर आडवी, उभी, तिरकी ठेवून खाली फीलर गेज, म्हणजे ठरावीक जाडीची पातळ पत्र्याची पट्टी, सरकवतात. छोट्या पेट्रोल इंजिनांना साधारण ०.०५ मिलिमीटरची मुभा असते, डोळ्यांना न दिसणारी. मोजलं आणि त्यापेक्षा कमी आलं तर फेसिंग मारायची गरज नाही; न मोजता ‘एक हात मारून घेऊ’ म्हणणारा तुमच्या हेडची जाडी फुकट घालवतो. बोल्ट कसताना मधून बाहेर, ठरलेल्या क्रमाने, टॉर्क रेंचने. हाताच्या अंदाजाने कसलेलं हेड पुढच्या उन्हाळ्यात परत येतं.

आता हवेचा मार्ग. हे काम तुम्ही स्वतः करू शकता. पुढची जाळी आणि वरचं प्लॅस्टिकचं कव्हर काढलं की कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली बोटभर फट वरून दिसते. तिथे टॉर्च मारा. पुढून कंडेन्सर चकचकीत दिसतो, वॉशिंग सेंटरवाल्याने धुतलेला असतो. फटीत मात्र रेडिएटरच्या तोंडावर करड्या रंगाचा थर बसलेला असतो: धूळ, किड्यांचे पंख, सुकलेलं गवत, कापसासारखा तंतू, सगळं एकमेकांत गुंतून घोंगडीसारखं झालेलं. बोटाने ओढलं तर तुकडाच्या तुकडा निघून येतो. ऊसाच्या पट्ट्यातून फिरणाऱ्या गाड्यांत तर पाचटाचे काप सापडतात. या थराआड कितीही नवा रेडिएटर बसवला तरी तो तापणारच. साफ करताना पाणी इंजिनाच्या बाजूने बाहेर सोडायचं, साध्या नळीने, संथ. प्रेशर वॉशर जवळून मारला तर रेडिएटरचे बारीक पत्र्याचे पंखे (फिन) आडवे होतात आणि हवा कायमची अडते. थर फार घट्ट असेल तर रेडिएटरचे वरचे दोन बोल्ट सोडून तो थोडा मागे झुकवून धुवावा लागतो.

तिथेच आणखी एक गोष्ट बघा. रेडिएटरच्या दोन्ही बाजूंना रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या असतात आणि फॅनभोवती एक खोकं असतं. पुढून बारीकसा ठोकर बसलेल्या गाडीचं डेंटिंग झालं की या पट्ट्या परत लावल्या जात नाहीत, ‘काय काम तिचं’ म्हणून. तिचं काम हवेला बाजूने पळू न देता रेडिएटरमधून जायला लावणं. तुमच्या गाडीचा बंपर कधी निघाला असेल तर हे नक्की तपासा. इंजिनाखालचा ट्रेही त्याच कामाचा भाग आहे.

रेडिएटर आतून चोंदलाय का, हे गाडी गरम करून, फॅन बंद असताना, इन्फ्रारेड थर्मामीटरने कोअरवर इकडून तिकडे फिरवून कळतं. तापमान हळूहळू उतरत जायला हवं. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी जात नाही. आपल्या पठारावरचं बोअरचं पाणी जड, क्षाराचं. अंघोळीच्या गिझरच्या कॉइलवर जो पांढरा थर चढतो तोच रेडिएटरच्या नळ्यांत आणि इंजिनाच्या पाण्याच्या वाटांत चढतो. जुने तांब्या-पितळेचे रेडिएटर उघडून नळ्यांत सळई घालून साफ करता यायचे. ॲल्युमिनियमचे बारीक चपट्या नळ्यांचे रेडिएटर तसे साफ होत नाहीत. फ्लशिंगने जे निघेल ते निघेल, नाहीतर बदलायचा. आणि गळती थांबवायला रेडिएटरमध्ये हळद किंवा लीक-स्टॉपची पावडर कोणी टाकली असेल तर नळ्या आणि हीटर कोअर दोन्हींत ती बसलेली असते. अर्ध्या रात्री जंगलात अडकलात तर माणूस काहीही करतो, ते मी समजू शकतो. पण नंतर लगेच पूर्ण फ्लश करा.

थर्मोस्टॅट काढून टाकण्याच्या सल्ल्यावर मला ठाम बोलायचंय, कारण हा सल्ला आपल्याकडे प्रत्येक नाक्यावर मिळतो. थर्मोस्टॅट इंजिन गार असताना रेडिएटरची वाट बंद ठेवतो आणि ८२ किंवा ८८ अंशांना उघडतो. त्याच्यावरच आकडा कोरलेला असतो. तो काढला की इंजिन कायम थोडं गार चालतं. कंट्रोल युनिटला वाटतं इंजिन अजून पुरतं गरम झालेलं नाही, ते जास्त पेट्रोल सोडत राहतं. ॲव्हरेज पडतं, ऑइलमधला ओलावा आणि पेट्रोल उडून जात नाही, गाळ धरतो, पी०१२८ हा फॉल्ट कोड येतो. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅट उघडताना दुसऱ्या टोकाने बायपासची वाट बंद करतो. अशा इंजिनातून तो काढला तर तापलेलं पाणी रेडिएटरला न जाता बायपासमधूनच फिरत राहतं आणि चढावर गाडी उलट जास्त तापते. संशय असेल तर तो काढून तपासा: पातेल्यात पाणी, त्यात दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, बाजूला थर्मामीटर, खाली गॅस. कोरलेल्या आकड्याच्या दोन-तीन अंश इकडेतिकडे उघडायला लागला आणि आणखी बारा-पंधरा अंशांनंतर पूर्ण उघडला तर तो चांगला आहे. अर्धाच उघडून अडकला तर तुमच्यासारखीच तक्रार येते, शहरात ठीक आणि चढावर गरम. नवा घालायचाच तर त्याच आकड्याचा घाला, ‘थंड इंजिनासाठी’ म्हणून ७६ चा नको.

कूलंटबद्दल गैरसमज फार आहेत. जास्त कूलंट म्हणजे जास्त थंड, असं नाही. उष्णता वाहून नेण्यात पाणी हे कूलंटमधल्या एथिलीन ग्लायकॉल या रसायनापेक्षा सरस आहे. कूलंट मिसळतो तो उकळण्याचा अंश वर नेण्यासाठी, गंज रोखण्यासाठी आणि पंपाच्या सीलसाठी. म्हणून निम्मं-निम्मं, फार तर साठ भाग पाणी आणि चाळीस भाग कूलंट. डब्यावर वाचा: ‘रेडी टू यूज’ असेल तर त्यात पाणी आधीच आहे, वर आणखी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर बॅटरीत टाकतो ते डीमिनरलाइज्ड पाणी वापरा, बोअरचं किंवा नळाचं नको. रंगावर जाऊ नका. हिरवा, गुलाबी, निळा हे फक्त रंग आहेत. एकाच रंगात दोन वेगळ्या रसायनांची कूलंट मिळतात आणि ती एकत्र आली की जेलीसारखी गाठ धरू शकते. मॅन्युअलमध्ये जे लिहिलंय ते, किंवा डब्यावर आयएस ५७५९, जेआयएस के २२३४ किंवा एएसटीएम डी ३३०६ यापैकी तुमच्या गाडीला सांगितलेलं मानक छापलेलं. तुमच्या बाबतीत जुन्यात काय काय मिसळलंय ते माहीत नसल्यामुळे सगळं काढून, दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने फ्लश करून मग नवं भरावं. काढलेलं कूलंट झाकणाच्या कॅनमध्येच ठेवा. ते गोड असतं आणि विषारी असतं. अंगणात सांडलं तर कुत्री चाटतात आणि मरतात.

भरताना हवा अडकू देऊ नका. गाडीचं तोंड चढावर, हीटर पूर्ण गरमवर, कॅप उघडी, हळूहळू भरत जायचं, होज हाताने दाबत राहायचं, फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत आयडलवर ठेवायची. बुडबुडे थांबले की कॅप. दुसऱ्या दिवशी सकाळी गार असताना पातळी परत बघायची, ती थोडी उतरलेली असतेच. बरेचदा ‘नवा रेडिएटर टाकला तरी तापते’ या तक्रारीचं कारण आत राहिलेली हवा असते.

पार्ट कुठले घ्यायचे? माझा नियम असा आहे की जो पार्ट गेल्यावर इंजिन जाऊ शकतं आणि जो स्वस्त आहे, तो डोळे झाकून कंपनीच्या खोक्यातला घ्यावा. कॅप, थर्मोस्टॅट, साच्यातले होज, टेंपरेचर सेन्सर यांत बसतात. यांच्यावर वाचणारे पैसे मोजण्यासारखेही नसतात. होजबरोबर जुन्या स्प्रिंगच्या क्लिप सांभाळून परत वापरा. गरम-गार होताना त्या स्वतः आकसतात-फैलावतात. त्याऐवजी स्क्रूची क्लिप लावून जोरात आवळली की प्लॅस्टिकचं तोंड तडकतं.

रेडिएटर आणि पंप महाग असतात. त्यासाठी कंपनीच्या खोक्याचा हट्ट नाही. जे उत्पादक गाडी कंपन्यांना माल पुरवतात तेच आपल्या नावाच्या खोक्यातही विकतात. रेडिएटरमध्ये बँको, सुब्रोस, व्हॅलिओ, माले अशी नावं बाजारात मिळतात. पण काउंटरवर जुना पार्ट बरोबर न्या आणि शेजारी ठेवून बघा. रेडिएटरच्या कोअरची जाडी पट्टीने मोजा. डुप्लिकेट बाहेरून हुबेहूब असतो, बोल्ट जागेवर बसतात, पण कोअर काही मिलिमीटर पातळ, नळ्या विरळ, हातात घेतला तर हलका. पंपात आतलं चक्र बघा: पाती किती, किती उंच, त्यांचा कल कुठल्या बाजूला. एका बाजूला धातूचं ओतीव चक्र आणि दुसऱ्याला वाकवलेल्या पत्र्याचं, असा फरक दिसला तर कारण विचारा. पुली हाताने फिरवा, जड पण गुळगुळीत फिरायला हवी. हेड गॅसकेट लागलीच तर मूळची स्टीलच्या थरांची असेल तिथे कंपनीचीच. साध्या कॉम्पोझिटवर भागवू नका.

पार्ट नंबर चॅसिस नंबरवरून काढा, मॉडेलच्या नावावरून नको. एकाच नावाच्या गाडीत मध्येच पार्ट बदललेला असतो. पाकिटावर किंमत, उत्पादनाचा महिना-वर्ष, उत्पादकाचं नाव छापलेलं असलंच पाहिजे, तो कायदाच आहे. स्टिकरवर स्टिकर, छपाई पुसट, किंवा दुकानदार बिलच द्यायला तयार नाही, तर तिथून निघा. सुट्या भागांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून सरसकट १८ टक्के जीएसटी आहे. आधी बऱ्याच भागांवर २८ होता. म्हणजे पक्कं बिल आता पूर्वीइतकं महाग पडत नाही, आणि वॉरंटी बिलावरच मिळते. पुण्यात नाना पेठेत फिरलात तर एकाच पार्टचे तीन दर्जे एकाच काउंटरवर दाखवतील. तीनही उघडून बघा, लाजू नका. भंगारातला माल, मग तो कुर्ल्याचा असो की आणखी कुठला, फॅनचं खोकं, बाटली, ब्रॅकेट, जाळी यांच्यासाठी उत्तम. फॅनची मोटर चालवून बघून घेता येईल. कॅप, होज, थर्मोस्टॅट, पंप तिथून कधीच नाही. आणि जे बदललं ते जुनं सगळं परत मागून घ्या.

हे सगळं होईपर्यंत पुन्हा घाटात तापली तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर आणि ब्लोअर जोरात. केबिनमध्ये भट्टी होईल पण इंजिनाची बरीच उष्णता बाहेर पडेल. चढताना वरच्या गिअरवर इंजिनाला गुदमरवू नका, एक गिअर खाली घ्या म्हणजे पंप जोरात फिरतो. लाल दिवा लागला किंवा वाफ दिसली तर मात्र बाजूला घेऊन इंजिन बंद. कॅपला किमान अर्धा-पाऊण तास हात लावायचा नाही. मग जाड कापड धरून आधी थोडीच फिरवायची, फुसफुस थांबू द्यायची, मग काढायची. तापलेल्या इंजिनावर गार पाण्याची बाटली ओतणारे मदतीला धावून येतात, त्यांना हात जोडून थांबवा. हेड तिथेच तडकू शकतं.

तर तुमच्यासाठी क्रम असा ठेवा: कॅप, प्रेशर टेस्ट, निळ्या रसायनाची टेस्ट, फटीची सफाई, थर्मोस्टॅटची पातेल्यातली परीक्षा, मग गळतीत जो पार्ट सापडेल तो, आणि पूर्ण फ्लश. तुमच्या डॅशबोर्डवर काटा नसून नुसता निळा-लाल दिवा असेल, तर एक स्वस्तातला ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कंट्रोल युनिटचे आकडे वाचणारा) घ्या. २०१४ ची गाडी त्यावर कूलंटचा आकडा मोबाइलवर दाखवते. लाल दिवा लागतो तेव्हा उशीर झालेला असतो, आकडा आधी सांगतो. तो शेजारी बसलेल्याच्या हातात देऊन तेवढ्याच माणसांनिशी, एसी लावून पसरणी चढा. ९० ते १०० च्या दरम्यान वरखाली झाला, एखाद्या वळणावर १०२-१०३ ला जाऊन परत उतरला, तर काम झालं, रेडिएटरचे पैसे तुमच्या खिशात राहिले. १०५ ओलांडून चढतच राहिला आणि एसी बंद केल्यावर लगेच उतरला, तर हवेचा मार्ग किंवा रेडिएटरची क्षमता कमी पडतेय. तेव्हा रेडिएटर बदला. एसी बंद करूनही उतरत नसेल तर ११० ची वाट न बघता गाडी बाजूला घ्या, आणि खाली उतरल्यावर पंपाचं चक्र आणि हेड, या क्रमाने उघडायला सांगा.